शेजारच्या काकांचं वायफाय : आठ महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू (आणि मग घेतलेल्या राउटरचा पण)

खरं तर मला राउटरचा रिव्ह्यू लिहायचा होता. चौदाशे रुपयाचा ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन फ्रिक्वेन्सीवर चालणारा) राउटर, राजारामपुरीतल्या दुकानातनं घेतला, दोन महिने झाले, चालतोय बरा, एवढंच लिहून सोडणार होतो. पण तो का घेतला हे सांगायला बसलो आणि गाडी मागंच जायला लागली, कारण तो राउटर माझ्या खोलीत नाहीच, तो शेजारच्या काकांच्या माडीवर लावलाय, आणि त्याच्या आधीचे आठ महिने मी काकांचंच वायफाय त्यांना न सांगता वापरत होतो. तर आधी त्या फुकटच्या सर्व्हिसचा रिव्ह्यू, मग राउटरचा.

मी राहतो कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, माडीवरची एक खोली, भाड्यानं. दिवसा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत पॅटर्नची ड्रॉइंग करतो, संध्याकाळी बाहेरची दोनचार कामं घेतो, त्यामुळं मोठ्या फाइली वर चढवायच्या असतात. जूनमध्ये सामान टाकलं आणि पहिल्याच दिवशी कळलं की खोलीत मोबाइलला रेंजची एकच कांडी, ती पण मनात आलं तर. फोनमध्ये वायफाय लावून बघितलं तर चार नावं आली, तिघांपुढं कुलूप, चौथ्यापुढं काही नाही. नाव म्हणजे कंपनीचं नाव आणि पुढं आकडे, जसं डब्यातनं बाहेर काढलं तसंच. दाबलं, लागलं. कुणाचं आहे ते बघितलं नाही. खोटं कशाला बोलू, कळलं असतं तर वापरायला जड गेलं असतं म्हणूनच बघितलं नाही.

आता सर्व्हिस कशी होती ते. सकाळी सहा ते नऊ एकदम मोकळं, ३५-४० एमबीपीएस सहज, मी फाइली त्याच वेळात टाकायचो. संध्याकाळी सातनंतर मालिका सुरू झाल्या की ६-७ वर यायचं, आणि क्रिकेटची मॅच असली की विसराच. रेंज फक्त खिडकीपाशी, ती पण उजव्या कोपऱ्यात, तिथं बादली पालथी घालून मी बसायचो, आठ महिन्यात त्या बादलीचा बूड आत गेला. पावसात रेंज जरा सुधारायची असं मला वाटायचं पण तो माझा भ्रम असणार. रात्री दहाला फटक्यात बंद, दहा म्हणजे दहाच, नंतर कळलं की काका झोपायच्या आधी खालचा मेन स्विचच पाडतात, फ्रिजची लाइन तेवढी वेगळी. कस्टमर केअर नाही. बिल नाही. जाहिरात नाही, ओटीपी नाही. नुसती सर्व्हिस बघितली तर पाचातले साडेचार स्टार, दहाच्या नियमाचा अर्धा कापला.

कुणाचं आहे ते मला पंधरा दिवसात कळलंच. खिडकीच्या उजव्या कोपऱ्यातनं समोर काकांची गच्ची दिसते, आणि त्यांच्याकडं लाइट गेली की माझं नेट जायचं. बेंदराच्या दिवशी काकूंनी पुरणपोळी पाठवली, ताटात, वर कट्टाची आमटी वेगळी, नव्या भाडेकरू पोराला म्हणून. ते ताट हातात घेऊन मी वर आलो, बादलीवर बसलो, पोळी खाल्ली आणि खाता खाता त्यांच्याच नेटवर व्हिडिओ बघितला. पोळी त्यांनी दारात आणून दिली होती. नेट मी उचललं होतं. त्या दिवशी हा फरक डोक्यात आला होता, मी आमटीचा वाटा संपवला आणि विषय पण संपवला.

मनाची समजूत घालायला माझ्याकडं तीन वाक्यं होती, आणि तुमच्यातल्या कुणाकडं ना कुणाकडं पण ती असणारच.

पहिलं, लहरी माझ्या खोलीत आल्यात, मी काय त्यांच्या घरात गेलो नाही. हे ऐकायला एकदम पटतं. मंडळाच्या स्पीकरचं गाणं खिडकीतनं आत आलं तर ऐकणारा काय चोर होत नाही, बरोबर. पण वायफाय म्हणजे स्पीकर नव्हे. माझा लॅपटॉप नुसता ऐकत नव्हता, तो काकांच्या राउटरला उलट हाका मारत होता, तिकडनं पत्ता मागून घेत होता, आणि मी चढवलेली प्रत्येक फाइल त्यांच्या घरातनं त्यांच्या वायरनं बाहेर जात होती. म्हणजे लॅपटॉप खिडकीत होता पण हात गच्ची ओलांडून पलीकडं गेलेला.

दुसरं, त्यांचं तर अनलिमिटेड आहे, माझ्यानं काय कमी होतंय. इथं मी टेक्निकल माणूस असून गंडलो त्याची जास्त लाज वाटते. एका चॅनलवर एका वेळी एकच डिव्हाइस बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं असतं. आणि जो लांब बसलाय, ज्याची रेंज कमी, त्याच्याशी राउटर हळू बोलतो, म्हणजे तेवढाच डेटा द्यायला जास्त वेळ खातो. एसटीच्या तिकीट खिडकीवर पुढचा माणूस सुट्टे मोजत बसला की मागची सगळी रांग तटते ना, तसा मी बादलीवर बसून काकांच्या अख्ख्या घराची रांग तटवत होतो. काकूंचा टीव्ही मधेच गोल गोल फिरायचा तो कशामुळं हे मला कळायला पाहिजे होतं. शिवाय त्यांचं अनलिमिटेड नव्हतंच, ते पुढं येतंय.

तिसरं, पासवर्ड ठेवला नाही म्हणजे वापरा असाच अर्थ. यावर मी लै दिवस ठाम होतो. रेल्वे स्टेशनवर रेलटेलचं वायफाय असतं, तिथं पाटी असते, मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, पहिला अर्धा तास फुकट, म्हणजे मालक स्वतः या म्हणतोय. मिसळच्या हॉटेलात गल्ल्यामागं पासवर्ड चिकटवलेला असतो, तिथं पण तेच. काकांच्या नेटवर्कवर काय लिहिलं होतं? कंपनीचं नाव आणि आकडे. ज्या माणसानं नाव सुद्धा बदललेलं नाही त्यानं विचार करून दार उघडं ठेवलंय हे मी कुठल्या हिशोबानं धरलं? पाणपोईवर माठ ठेवलेला असतो, वर पेला पालथा असतो, लांबनं कळतं की ही सगळ्यांसाठी आहे. कुणाच्या परड्यातल्या हौदाला झाकण नाही म्हणून ती पाणपोई होत नाही.

आणि एकदा मी झाकणाच्या पण पुढं गेलो. ऑक्टोबरात एका रात्री नेट लै स्लो होतं म्हणून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, लॉगिन आलं, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन टाकलं आणि सरळ आत. म्हणजे राउटरचा पासवर्ड पण डब्यातलाच. समोर जोडलेल्या फोनांची नावं आली, त्यात एक काकूंच्या नावाचा फोन. दुसऱ्याच्या घरात पाणी प्यायला जावं आणि चुकून कपाट उघडावं तसं झालं, मी पटकन बंद केलं. पण बंद करायच्या आधी माझ्या लॅपटॉपला जास्त स्पीड देता येईल का हे बघायला कर्सर त्या सेटिंगपर्यंत गेला होता. केलं नाही. कर्सर गेला होता हे मात्र लिहायला पाहिजे, नायतर रिव्ह्यू प्रामाणिक होत नाही.

आता फेब्रुवारी. रविवार सकाळ, मी दूध घेऊन येतोय आणि काकांच्या दारात आवाज. आमच्या गल्लीत केबल आणि नेट एकच लोकल पोरगं बघतं, वीसबावीस वर्षाचं असंल, त्याला काका धरून बोलत होते. काकांचा प्लॅन स्वस्तातला, महिन्याला ठराविक जीबी, ते संपलं की स्पीड २ एमबीपीएसवर. आणि गेले चार महिने ते वीस तारखेच्या आतच संपत होतं. नात पुण्यात, रविवारी व्हिडिओ कॉल करते, तो लागत नाही, चित्र अडकतं, आवाज पुढं जातो. काका म्हणत होते आम्ही दोघं म्हातारी माणसं, एवढा डेटा काय खातोय काय, तुम्ही लोक मीटर वाढवताय. पोरगं म्हणतंय काका खरंच वापर होतोय ओ. आणि मी दुधाची पिशवी घेऊन तिथं थांबलो आणि काय म्हणालो असेन? "सगळे असंच करतात ओ काका, लक्ष ठेवायला पाहिजे."

हे वाक्य टाइप करताना पण कसंतरी होतंय. वापरलं ते एक वेळ ठीक, पण माझ्या वापराचं बिल एका गरीब पोराच्या इज्जतीवर फाडलं गेलं आणि मी त्यावर सही केली. फुकट वायफायवर बोलताना सगळे मालक आणि वापरणारा एवढ्या दोघांचाच हिशोब करतात. मधल्या तिसऱ्या माणसाचं कुणी काढत नाही, तो शिव्या खाऊन शिडी उचलून पुढच्या घरी गेलेला असतो.

संध्याकाळपर्यंत काढलं कसंतरी, मग गेलो. काका गॅलरीत पेपर वाचत होते.

"काका, तुमचा डेटा माझ्यामुळं संपतोय."

"म्हंजे?"

"तुमचं वायफाय मी वापरतोय. जूनपासनं. पासवर्ड नव्हता त्याला."

काकांनी पेपरची घडी घातली. जरा वेळ काहीच बोलले नाहीत, आणि मग पहिलं वाक्य काय, तर "मग त्या पोराला मी उगंच बोललो की रं." माझ्यावर चिडलेच नाहीत असं नाही, ते पुढं झालं, काकू पण आतनं बाहेर आल्या. "इचारलं असतंस तर दिलं असतं का न्हाई म्हाईत न्हाई," काका म्हणाले, "पण इचारायचं हुतंस." यावर काय बोलणार.

मग म्हणाले, "आणि कोण कोण हाय त्यात, बघ जरा आता तूच." परत ते पान उघडलं, या वेळी मालकासमोर. अकरा डिव्हाइस. काकांचा फोन, काकूंचा फोन, टीव्ही, हे तीन घरचे. माझा फोन आणि लॅपटॉप दोन. राहिले सहा, त्यात दोनचार कोपऱ्यावरच्या कट्ट्यावरच्या पोरांचे असणार, मोबाइल कंपन्यांची नावंच येतात त्यामुळं नक्की कळत नाही, आणि एक चक्क दुसराच टीव्ही. कुणाचा टीव्ही? अजून कळलं नाही. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीकडं मी आता संशयानं बघतो, म्हणजे चोरानंच चौकीदार व्हायचं.

पासवर्ड काढला कुणी आणि का हे मी विचारलं, आणि उत्तर ऐकून अजून ओशाळलो. २०२१ च्या जुलैत महापूर आला, पंचगंगेनं ४३ फुटाची धोका पातळी कधीच ओलांडली होती, तेव्हा काकूंच्या माहेरची माणसं चिखलीहून इथं येऊन राहिली, शिवाय दुधाळीकडच्या ओळखीच्या दोन घरातली. वर पंधरावीस माणसं. मोबाइलची रेंज ये-जा करत होती, काकांच्याकडं तेव्हा इन्व्हर्टर होता आणि नेट चालू होतं. मागं राहिलेल्यांची, जनावरांची खबर घ्यायला जो तो नेटवरनं फोन लावत होता, प्रत्येकाला तो लांबडा पासवर्ड सांगता सांगता वैताग आला म्हणून मुलानं पुण्यातनं फोनवर सांगून पासवर्ड काढायला लावला. पूर ओसरला, माणसं घरी गेली, पासवर्ड परत घालायचं राहून गेलं. एवढीच गोष्ट. म्हणजे दार उघडं होतं ते विचार करूनच उघडलेलं, फक्त ज्यांच्यासाठी उघडलं ते मी नव्हतो.

काकांना वाटत होतं की फार तर डेटा जाईल. त्यांना मी २००८ ची गोष्ट सांगितली. अहमदाबादला २६ जुलैला बॉम्बस्फोट झाले, त्याच्या थोडं आधी मीडियाला धमकीचा ईमेल गेला, आणि तो कुठनं गेला याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत एका अमेरिकन माणसाच्या फ्लॅटवर पोचले. त्याचं वायफाय वापरलं गेलं होतं. त्याला चौकशीला तोंड द्यावं लागलं, देशभर पेपरात नाव. पुढं २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन उघडी वायफाय शोधायला रस्त्यावर उतरले. कारण साधं आहे. बाहेरच्या जगाला घरातली अकरा डिव्हाइस दिसत नाहीत, एकच आयपी पत्ता दिसतो. म्हणजे दारातनं बाहेर पडताना आम्ही सगळे काकांचाच शर्ट घालून पडतो. कट्ट्यावरच्या कुणी उद्या भलतंच काही केलं तर पोलीस त्या शर्टाच्या मालकाकडं येणार, आणि त्यानं सांगत बसायचं की त्या वेळी आत मी नव्हतो.

काकू म्हणाल्या, "आणि वापरणाऱ्याला काय कायदा न्हाई व्हय?" आहे. आयटी कायदा २००० चं कलम ४३, मालकाच्या किंवा जबाबदार माणसाच्या परवानगीशिवाय नेटवर्कमध्ये शिरलं तर नुकसानभरपाई, आणि तेच अप्रामाणिकपणानं किंवा फसवायच्या हेतूनं केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर पाच लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. मी काय वकील नाही, आणि शेजारच्या नेटवर व्हिडिओ बघितला म्हणून कुणी आत जाईल असं मला वाटत पण नाही. पण ते कलम वाचताना एक गोष्ट टोचली, त्यात 'परवानगी' हा शब्द आहे, 'पासवर्ड' हा नाही. माझं तिसरं वाक्य तिथंच मेलं.

बाहेरच्या देशात पण यावर एकमत नाही बरं का. ब्रूस श्नायर म्हणून अमेरिकेतला नावाजलेला सिक्युरिटीचा माणूस, त्यानं २००८ मध्ये लिहिलं होतं की मी माझ्या घरचं वायफाय मुद्दाम उघडं ठेवतो, पाहुण्याला चहा विचारावा तसं. उलट जर्मनीत २०१० मध्ये तिथल्या वरच्या कोर्टानं सांगितलं की घरच्या वायफायला नीट कुलूप घालणं ही मालकाची जबाबदारी, आणि मग पुढं २०१७ मध्ये कायदा बदलून मालकांना बऱ्यापैकी मोकळं केलं. मला श्नायरचं पटतं, पण तो स्वतःचं दार स्वतः उघडून बसलाय. मी दुसऱ्याच्या दारात उभा राहून श्नायरचं नाव सांगू शकत नाही.

आता राउटर.

काकांचा जुना राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचा, गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय) नाही, अपडेट येणं कधीच बंद. मी म्हटलं नवा मी आणतो. काका पैसे देत होते, मी घेतले नाहीत, आठ महिन्याचं गणित लावलं तर ते अजून माझ्याच अंगावर निघतंय. राजारामपुरीत दुकानदार चार अँटेनाचा महागातला घ्या म्हणत होता, अँटेना जेवढे जास्त तेवढी रेंज लांब असं त्याचं म्हणणं. मला तर रेंज लांब जायलाच नको होती, हे त्याला समजावता आलं नाही, तो माझ्याकडं विचित्र बघायला लागला. शेवटी साधा घेतला.

चांगलं काय ते सांगतो. गेस्ट नेटवर्क वेगळं काढता येतं, त्यातल्या डिव्हाइसला घरातला टीव्ही, फोन, काहीच दिसत नाही, आणि गेस्टमधले एकमेकांना पण दिसत नाहीत, ते एक बटण आहे ते चालू करायला विसरू नका, डब्यातनं येताना बंद असतं. गेस्टला स्पीडची मर्यादा घालता येते, आम्ही ५ एमबीपीएस ठेवली, मेसेज, फॉर्म भरणं, कॉल होतात, सिनेमा डाऊनलोड करायला बसलं तर कंटाळून उठतो माणूस. टाइम लावता येतो. अ‍ॅडमिनचा पासवर्ड पहिल्यांदा चालू करतानाच बदलायला लावतो, याला वेगळा स्टार. ५ गिगाहर्ट्झवर काकूंचा टीव्ही आता अडकत नाही, नातीचा कॉल पण नीट लागतो.

वाईट काय. कंपनीचं अ‍ॅप भिकार आहे, खातं काढा, ईमेल द्या, लोकेशन द्या, राउटर लावायला माझं लोकेशन कशाला पाहिजे. ब्राउझरमधनं सगळं होतं, अ‍ॅपच्या नादी लागू नका. डब्ल्यूपीए३ (वायफायच्या कुलपाची नवी पद्धत) आहे पण नुसतं तेच ठेवलं तर काकूंचा जुना फोन लागत नाही, म्हणून डब्ल्यूपीए२ आणि ३ असं मिक्स ठेवावं लागलं. गेस्टमध्ये कुणी किती डेटा वापरला ते वेगवेगळं दिसत नाही, एकत्रच दिसतं. आणि निळा दिवा एवढा भगभगीत की काकूंनी त्यावर टिकली चिकटवली.

वापरणाऱ्यांनी पण एक ध्यानात ठेवा, म्हणजे माझ्यासारख्यांनी. आठ महिने मी त्या उघड्या नेटवर बँकेचं अ‍ॅप उघडत होतो. आता बहुतेक सगळं एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर असल्यानं मजकूर कुणाला वाचता येत नाही, पण हवेत कुलूप नसल्यामुळं कुठल्या साइटवर जाताय याचा अंदाज मधला माणूस घेऊ शकतो. आणि फोन एकदा उघड्या नेटला जोडला की पुढं आपोआप जोडतो, तो नाव बघतो, मालक बघत नाही. उद्या कुणी त्याच नावाचं दुसरं नेट चौकात लावलं तर तुमचा फोन खिशातल्या खिशात तिकडं जाणार. मी फोनमधली यादी उघडली तर एकतीस नावं निघाली, त्यातली निम्मी कुठली ते आठवत पण नाही. पुसली सगळी.

गेस्ट नेटवर्क ठेवायचंच कशाला असं मी काकांना म्हटलं होतं. पोलिसाची गोष्ट ऐकून ते सगळं बंद करतील असं वाटलेलं. तर म्हणाले, "पोरं बसत्यात कट्ट्यावर, भरतीचं फॉर्म भरत्यात. पूर परत येणार न्हाई व्हय?" मग मी त्यांना पीएम-वाणीचं सांगितलं, डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं मंजूर केलेली योजना, चहाच्या टपरीवाल्यानं किंवा किराणा दुकानानं सार्वजनिक वायफाय द्यायचं, त्याला लायसन लागत नाही, फी नाही, वापरणारा अ‍ॅपवरनं स्वतःची ओळख पटवून आत येतो, म्हणजे कोण आलं गेलं याची नोंद राहते आणि शर्टाचा प्रश्न सुटतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी आता दुकान टाकू व्हय?" विषय संपला.

मग जमलं ते असं, गेस्टला पासवर्ड आहे, पण तो काकांना येऊन विचारायचा. कागदावर लिहून गेटला लावू म्हटलं तर नको म्हणाले, तोंड दिसू दे. दर महिन्याच्या एक तारखेला मी तो बदलतो, मग परत विचारायला यायचं. नेटवर्कचं नाव काकांनीच सुचवलं, 'पाणपोई', देवनागरीत टाकलं, येतं ते नीट, काही जुन्या फोनवर चौकोन दिसतात. काही झालं तर पोलीस अजून काकांच्याच दारात येणार, हे त्यांना मी दोनदा सांगितलं. आता निदान कोण आत आहे ते त्यांना तोंडानं माहीत आहे. पहिल्या महिन्यात सात जणांनी येऊन विचारलं. अकरातनं आमचे पाच वजा केले तर सहाच होते, आणि त्यातला तो टीव्हीवाला आलाच नाही, म्हणजे दोन नवीन वाढले.

केबलच्या पोराकडं काका मला घेऊन गेले, त्याच रविवारच्या पुढच्या रविवारी. चहा पाजला. पोरगं म्हणालं, "दादा, मला दिसत होतं ओ सकाळी सहाला अपलोड चाललेला असतो ते, काकांना म्हटलं पण, ते म्हणाले सहाला आम्ही देवपूजेत असतो." माझी स्वतःची लाइन मी त्याच्याकडनंच घेतली, महिन्याला पाचशेच्या आसपास बसते, दोन महिन्यात एकदा वायर तुटली, तासाभरात आला. त्याच्या सर्व्हिसला पाचपैकी पाच, आणि हे मी भीतीपोटी देत नाही.

राउटरला पाचपैकी चार, एक अ‍ॅपसाठी कापला. काकांच्या जुन्या उघड्या वायफायला साडेचारच ठेवतो, त्याची काय चूक नव्हती. वापरणाऱ्याला किती द्यायचे ते तुम्ही ठरवा.

एक अडचण राहिलीय. राउटरमध्ये मी गेस्टचा टाइम रात्री अकरापर्यंत लावून दिलाय, कट्ट्यावरच्या पोरांनी तशी मागणी केली होती, काका हो पण म्हणाले होते. पण रात्री दहाला ते मेन स्विच पाडतातच. परवा पण पाडला, कट्ट्यावरनं आवाज आला, "काका, पाणपोई बंद झाली ओ!" गॅलरीचा दरवाजा उघडला, काका बाहेर आले, म्हणाले, "पाणी भरून ठेवलंय सकाळचं, झोपा आता," आणि दरवाजा लावून घेतला.